गावच्या घरची क्रोटनची झाडं पुण्याला न्यायचीत, गुटी बांधू की फांद्या तोडून आणू?

चाफेकळी:
नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे, जाणकारांनी प्लीज लक्ष घाला. कुडाळजवळ आमचं माहेरचं घर आहे, वाटण्या झाल्या आणि आता जागा विकली गेलीये. नवीन मालक दिवाळीनंतर पुढचा चिऱ्याचा गडगा आणि त्याच्या आतली सगळी झाडं काढणारेत. माड, आंबा काही नेता येत नाही ते कळतं मला, पण गडग्याला लागून आजीने लावलेली क्रोटनची रांग आहे ती मला काहीही करून वाचवायचीये. कितीतरी वर्षं जुनी आहेत, काही माझ्या डोक्याच्या वर गेलेली, बुंधे मनगटाएवढे.

प्रकार सांगते. एक रुंद पानाचं, पिवळ्या-लाल शिरांचं, ते सगळीकडे दिसतं. एक हिरव्या पानावर हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखं. एक लांब पानाचं, पान स्क्रूसारखं पिळलेलं, जुनं झालं की गडद मरून होतं. आणि चौथं जे आहे ते मी पुण्यात एकाही नर्सरीत बघितलं नाहीये, त्याचं पान मध्येच संपतं, पुढे नुसती शीर दोऱ्यासारखी येते आणि त्या दोऱ्याच्या टोकाला परत एक छोटं पान लटकलेलं असतं. लहानपणी आम्ही त्याला कानातलं म्हणायचो. नर्सरीवाले म्हणतात ताई नवीन क्रोटन घ्या, शेदीडशेला मिळतो, कशाला एवढा त्रास. पण मला हीच हवीत.

मी पुढच्या आठवड्यात तीन-चार दिवस जातेय आणि मग थेट गणपतीला. मधे तिथे रोज पाणी घालणारं कोणी नाही, शेजारच्या काकी अधूनमधून बघतील फक्त. पुण्यात फ्लॅट, पूर्वेची गॅलरी. तर गुटी बांधू, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटू देऊन मग कापू, का नुसत्या फांद्या तोडून आणू? आणि कुठल्या फांदीला?

माडबन:
चाफेकळीताई, वेळ अगदी बरोबर साधलीत. जून-जुलै म्हणजे क्रोटनच्या गुटीचा खरा हंगाम, हवेत दमटपणा असतो आणि झाडात रस चढता असतो. आत्ता बांधलेल्या गुटीला साधारण महिना ते दीड महिन्यात मुळं दिसतात, म्हणजे गणपतीला जाल तेव्हा मुळांनी गच्च भरलेली असेल. मधे रोज पाणी घालायची गरजच नाही कारण गुटी बंद असते. तोडून नेलेल्या फांदीला मुळं फुटेपर्यंत पाणी कुठून मिळणार, गुटीत फांदी आईच्या अंगावरच असते, वरची पानं नेहमीसारखी जगत राहतात आणि तेवढ्यात मुळं येतात, म्हणून दुर्मिळ झाडाला मी तरी आधी गुटीच सांगेन. डाळिंबाची, लिंबाची करतात तीच पद्धत.

आता नीट वाचा. फांदी अंगठ्यापेक्षा जाड नको आणि पेन्सिलीपेक्षा बारीक नको. साल हिरवटातून तपकिरी व्हायला लागलेली असावी, म्हणजे मागच्या वर्षीची वाढ. अगदी कोवळी हिरवी फांदी घेऊ नका. शेंड्यापासून एक-दीड फूट खाली, डोळ्याच्या (जिथून नवीन कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा खालच्या बाजूला, धारदार चाकूने फांदीभोवती गोल काप घ्या, त्याच्याखाली दोन-अडीच सेंटीमीटरवर दुसरा गोल काप आणि मधली साल बांगडीसारखी काढून टाका. आत पांढरं लाकूड दिसेल, त्याच्यावर एक बुळबुळीत थर असतो तो चाकूच्या पाठीने खरवडून काढायचाच, तो राहिला की झाड वरची आणि खालची साल परत जोडून घेतं आणि मुळं फुटतच नाहीत. गुटी फसते ती बहुतेक वेळा इथेच.

हे का होतं ते सांगतो म्हणजे करताना हात चुकणार नाही. पानं जे अन्न बनवतात ते सालीतून खाली उतरतं, आणि मुळाकडून पाणी वर जातं ते आतल्या लाकडातून. साल काढली की पाणी चालू राहतं म्हणून फांदी सुकत नाही, आणि खाली उतरणारं अन्न वरच्या कापापाशी अडून तिथे साठतं, तिथूनच मुळं येतात. म्हणून रुटिंग हार्मोनची पावडर लावायची तर वरच्या कापाच्या कडेला लावा, खाली लावून उपयोग नाही. पावडर नसेल तरी क्रोटनला मुळं येतात, लावली तर लवकर आणि जास्त येतात इतकंच.

चीक गळेल तो ओल्या फडक्याने पुसा. मग मॉस, म्हणजे नर्सरीत सुकं शेवाळ मिळतं ते, पाण्यात भिजवून मुठीत घट्ट पिळायचं, थेंब पडता कामा नये. मूठभर मॉस कापाभोवती दाबून बसवा, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधा. मॉस नाही मिळालं तर नारळाच्या सोडणाचा भुसा चालतो, आधी एक दिवस भिजत ठेवून पाणी बदला. आमच्याकडे पाऊस कसा असतो तुम्हाला माहितीये, वरचं टोक सैल राहिलं तर पाणी फांदीवरून ओघळत आत जातं आणि सगळं कुजतं. वरची गाठ बांधून झाली की तिच्यावर प्लास्टिकची आणखी एक पट्टी छत्रीसारखी उलटी बांधा, मी पावसाळ्यात नेहमी बांधतो. आणि काकींना एवढंच सांगा की आत ओंबील (लाल मुंग्या) किंवा मुंगळ्यांनी घर केलंय का बघत जा, ते मॉस उपसून टाकतात.

दोऱ्याला पान लटकलेल्या प्रकाराच्या जास्त गुट्या बांधा, वेगवेगळ्या झाडांवर, वेगवेगळ्या उंचीवर. एखादी फसते, ते धरूनच चालायचं. तो जुना प्रकार आहे, आता नर्सऱ्या पेट्रा आणि एक्सलंट हे क्रोटनचे प्रकारच जास्त करतात, तुमच्याकडे जे आहे ते खरंच जपण्यासारखं आहे.

गच्चीवाला:
माडबन यांनी गुटीचं सगळं सांगितलंय, मी पुण्याच्या बाजूने लिहितो. गुटी बांधाच, पण येताना फांद्यापण आणा, फुकटचा विमा आहे तो. शेंड्याच्या चार ते सहा इंचाच्या कांड्या, खालची पानं काढून वरची तीन-चार ठेवायची, रुंद पान असेल तर अर्धं कापून टाकायचं किंवा गुंडाळून रबरबँड लावायचा, कारण पान मोठं असलं की त्यातून पाणी उडतं आणि मुळं नसताना कांडी तेवढं पाणी आणणार कुठून. कापल्यावर चीक वाहायचा थांबेपर्यंत पाण्यात धरा. प्रवासात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, आणि पिशवी बसच्या डिकीत इंजिनाच्या बाजूला ठेवू नका, उकडून जातं.

घरी आल्यावर निम्मं कोकोपीट निम्मी जाड वाळू किंवा परलाईट, खताचा कण पण नको. कांडी खोचून वरून पारदर्शक पिशवी उलटी घाला, दोन काड्यांचा आधार द्या म्हणजे पिशवी पानाला चिकटणार नाही. सावलीत पण उजेडात ठेवायचं, ऊन थेट पिशवीवर आलं तर आत कांडी शिजते. महिना-दीड महिना लागतो. मधे पानं गळाली तरी फेकू नका, नखाने साल जरा खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर जिवंत आहे.

पुण्याची खरी अडचण वेगळी आहे आणि ती सगळ्यांनी समजून घ्यायला हवी. क्रोटन मूळचा मलेशिया-इंडोनेशिया आणि पॅसिफिक बेटांकडचा, म्हणजे कायम उबदार आणि दमट हवेतला, कोकणात तो जसा घरच्यासारखा वाढतो तसा घाटावर वाढत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १० अंशाच्या आसपास गेलं की खालची पानं टपाटपा गळतात. लोक घाबरून पाणी वाढवतात आणि मग मुळं कुजून झाड खरंच मरतं. थंडीत पाणी कमी, वरची माती बोटभर सुकली की मगच, रात्री भिंतीच्या कडेला सरकवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत फुटतो. उन्हाळ्यात उलट, हवा कोरडी झाली की पानाच्या मागे लाल कोळी येतो, पान निस्तेज आणि बारीक ठिपक्यांचं दिसतं. रोज सकाळी पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारला तरी बराच आटोक्यात राहतो.

पूर्वेची गॅलरी उत्तम. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं तर रंग येतो. क्रोटनचे रंग उजेडावर असतात, सावलीत ठेवलं की नवीन पानं हिरवीच येतात, झाड मरत नाही पण त्याचा चेहरा जातो. एप्रिल-मेचं पश्चिमेचं ऊन मात्र नको, पानं करपतात.

बाल्कांव:
चाफेकळी, वाचून बरं वाटलं, आमच्याकडे फोंड्याला पण जुन्या घरांच्या पुढ्यात अशीच क्रोटनची रांग असते आणि आता घरं पाडली की पहिली तीच जातात. मला एक सांगायचंय, एवढं सगळं करायची खरंच गरज आहे का? आमच्याकडे पावसात जाड काठी तोडून मातीत खोचतात, कुठलं हार्मोन नाही काही नाही, कुंपणच्या कुंपण तसंच झालेलं आहे. काठी थोडी तिरकी खोचायची आणि हलवायची नाही, बस.

दुसरं, चिकाची काळजी घ्या. अंगाला लागला तर काही जणांना खाज येते, पुरळ उठतं, आणि कपड्यावर डाग पडला तर जात नाही. चाकू चालवताना हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका. घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंच ठेवा, पान चघळलं तर तोंडाची आग होते आणि उलट्या होतात. माझी मावशी म्हणते क्रोटन म्हणजे जमालगोटा, घरात ठेवूच नये, ते खरं का?

गच्चीवाला:
@बाल्कांव, नाही, जमालगोटा हे वेगळं झाड. वनस्पतीशास्त्रात क्रोटन नावाची प्रजाती ती, जमालगोटा तिच्यातला. आपण बागेत लावतो ते कोडियम, दोन्ही एरंडाच्याच कुळातली म्हणून चीक दोघांनाही आणि पोटात जाऊ द्यायचं नाही हे दोघांनाही लागू. पण जमालगोट्याच्या बिया जेवढ्या जहाल तेवढं हे नाही. घरात ठेवायला हरकत नाही, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये एवढंच.

काठी खोचण्याबद्दल मात्र मी सहमत नाही. फोंड्याला किंवा कुडाळला जुलैमध्ये हवाच एवढी ओली असते की तुमचं अख्खं अंगण म्हणजे ती उलटी घातलेली पिशवीच झाली. तिथे काठी येते, मान्य. तीच काठी पुण्यात गॅलरीत खोचली तर आठवड्यात पानं टाकते. शिवाय चाफेकळी यांच्याकडे एक प्रकार असा आहे की तो गेला तर परत मिळायचा नाही, त्यात दहातल्या पाच लागल्या तरी चालेल असा हिशोब कसा चालेल. कुंपण करायचं असेल तर काठी, वाचवायचं असेल तर गुटी.

बाल्कांव:
हो, ते पटलं. मग निदान काही काठ्या तिथेच गावात काकींच्या परसात खोचून ठेवा असं म्हणेन, दोन ठिकाणी असलेलं बरं.

तगर_डॅलस:
मधेच घुसतोय, सॉरी. इथे डॅलसला दुकानात क्रोटन घेतला, उन्हाळ्यात बाहेर मस्त होता, ऑक्टोबरात आत घेतला तर अर्धी पानं गेली. गळलेली पानं मी पाण्यात ठेवली तर चक्क मुळं आली, खूप आनंद झाला, पण कित्येक महिने झाले, पान तसंच हिरवंगार, मुळं लांब, कोंब काही नाही. अजून किती वाट बघू?

माडबन:
@तगर_डॅलस, त्याला कोंब येणार नाही. क्रोटनच्या पानाला मुळं फुटतात पण नवीन फांदी फुटायला डोळा लागतो आणि डोळा असतो खोडावर, पानाच्या बगलेत. नुसत्या पानाकडे तो नाहीच. पुढच्या वेळी पानासकट खोडाचा तुकडा घ्या, त्यावर एकतरी डोळा हवा. पाण्यात कांडीला पण मुळं येतात, पण ती पाण्याची मुळं नाजूक असतात, मातीत लावल्यावर मोडतात, म्हणून ती इंचभर झाली की लगेच मातीत हलवायची आणि पहिले काही दिवस माती ओली ठेवायची. पानगळीचं म्हणाल तर जागा बदलली, उजेड कमी झाला, हीटरची कोरडी हवा लागली की क्रोटन पानं टाकतोच. खिडकीत दक्षिणेचा उजेड द्या आणि वारंवार जागा बदलू नका.

चाफेकळी:
किती छान आणि सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. मॉस आणि पावडर आजच आणलं. अजून तीन शंका आहेत. एक, पिवळ्या शिरांच्या झाडावर दोन-तीन फांद्या पूर्ण हिरव्या झाल्यात, त्यांच्यावर गुटी बांधली तर पुण्यात ऊन मिळाल्यावर रंग येईल का? दोन, एका झाडाखाली आपोआप उगवलेली रोपं आहेत, ती सरळ उपटून आणली तर? तीन, मोठं झाडच खणून हलवता येईल का, म्हणजे दिवाळीला? आणि गणपतीला गुटी काढल्यावर नक्की काय करायचं तेही सांगा.

गच्चीवाला:
रोपांचं मी सांगतो. ती बियांची असतील. क्रोटनला बारीक तुरे येतात ते बघितलं असेल, एका तुऱ्यात नर फुलं पांढरी पिसासारखी आणि दुसऱ्या तुऱ्यात मादी फुलं, मुंग्या-माश्या फिरल्या की बी धरतं. पण बियांपासून आलेलं रोप आईसारखं निघत नाही, चार प्रकार शेजारी शेजारी असतील तर काय निघेल सांगता येत नाही. जागा असेल तर जरूर आणा, कदाचित एखादं फार सुंदर निघेल, पण आजीचं झाड म्हणून ते धरू नका. जसंच्या तसं हवं असेल तर फांदीपासूनच.

मातीचं पण लिहून टाकतो. तुमच्याकडची लाल माती जरा आम्ल असते आणि क्रोटनला ती मानवते. पुण्यात बोअरचं जड पाणी घातलं की काही महिन्यांनी नवीन पानं पिवळट आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागतं, ते लोह उचललं जात नाही म्हणून, रोग नाही. शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवून घाला आणि कुंडीत काळी माती अजिबात नको. लाल माती दोन भाग, कोकोपीट किंवा भाताचं तूस एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग.

माडबन:
ताई, बाकीचं सांगतो.

पूर्ण हिरवी फांदी. ती सावलीमुळे हिरवी झाली असेल तर उन्हात नवीन पानांना रंग येईल, पण त्याच झाडावर शेजारची फांदी त्याच उन्हात रंगीत आणि ही एकटीच हिरवी असेल तर ती मूळ हिरव्यावर परत गेलेली आहे, तिच्यावरून केलेलं रोप हिरवंच राहील. गुटी म्हणजे त्या फांदीचाच तुकडा, फांदी जशी तसं रोप. म्हणून गुटी बांधायच्या आधी झाडाभोवती सकाळच्या उजेडात एक चक्कर मारा आणि सगळ्यात चांगल्या रंगाच्या, सरळ, कीड नसलेल्या फांद्यांना लाल दोरा बांधून ठेवा. चाकू नंतर. आणि त्या हिरव्या फांद्या बुडातून छाटून टाका, हिरव्याचा जोर जास्त असतो, ती बाकीच्या झाडाला मागे टाकते.

गणपतीला. प्लास्टिकमधून मुळं दिसली पाहिजेत, पांढरी किंवा पिवळसर, सगळ्या बाजूंनी. एकाच बाजूला दोन मुळं असतील तर तोडू नका, दिवाळीपर्यंत राहू द्या, तेवढा वेळ आहे तुमच्याकडे. तोडायची ती निघायच्या दिवशी सकाळी, आधी नाही. गाठीच्या खाली अर्धा इंच सोडून सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) एका झटक्यात कापा. प्लास्टिक प्रवासात काढायचं नाही, तेच तिचं भांडं. पानं वरच्या बाजूला गोळा करून सुतळीने सैल बांधा, गर्दीच्या बसमध्ये मोडत नाहीत. पुण्यात पोचल्यावर प्लास्टिक काढा, मॉस झटकू नका, ओढू नका, मुळं त्यातच गुंतलेली असतात, मॉससकट सहा इंची कुंडीत लावा. मोठी कुंडी घ्यायचा मोह होतो, पण मुळं थोडी आणि माती जास्त असली की ती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. पानं जास्त असतील तर एक तृतीयांश काढा. शेजारी काठी रोवून बांधा. पहिले तीन-चार आठवडे ऊन नाही, फक्त उजेड, मग हळूहळू सकाळचं ऊन. नवीन पान उलगडलं की समजायचं मुळं कामाला लागली, तोपर्यंत खत नाही.

मिलीबग बघून घ्या मात्र. गावच्या झाडावर पानाच्या बगलेत पांढरा कापूस असेल तर तो तुमच्या गॅलरीतल्या सगळ्या कुंड्यांत जाईल. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी परत.

मोठं झाड खणून हलवता येतं, पण दिवाळीला नको, तेव्हा पाऊस संपलेला असतो आणि कोकणात दुपारचं ऊन तापतं. गणपतीतच करा. आधी गुट्या उतरवा, मग उरलेलं झाड गुडघाभर उंचीवर छाटा, क्रोटन जुन्या लाकडातून पण फुटतो. बुंध्याभोवती दीड-दोन फूट रुंद मातीचा गड्डा धरून खणा, गोणपाटात बांधा आणि पुण्याला नेऊ नका, एवढा गड्डा फ्लॅटमध्ये जगवणं फार कठीण. काकींच्या परसात किंवा गावात ज्याला हवं असेल त्याच्या दारात आदल्या दिवशीच खड्डा खणून ठेवा आणि त्याच दिवशी लावा. लटकत्या पानाचं तरी एक मोठं झाड गावातच राहिलं पाहिजे, पुण्यातल्या कुंडीला कधी काही झालं तर परत गुटी बांधायला आईचं झाड हवं ना.

आणि पुढच्या आठवड्यात बांधून झाल्यावर फोटो टाका, कापाच्या रुंदीचा आणि गाठीचा जवळून. काही चुकलं असेल तर तुम्ही तिथे असतानाच सांगता येईल.